पहिली ओळ

गुरुवारी अकरा वाजत आले की हेमलताबाई शेटे हेडफोन कानाला लावून बसत. मग वर्गाला आग लागली तरी बाई उठणार नाहीत, असं मुली म्हणत.

बार्शीतला हा टंकलेखन वर्ग त्यांच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, लोखंडी यंत्रांच्या काळात काढलेला. आता यंत्रं जाऊन संगणक आले होते, बोललेलं आपोआप उमटवणारी साधनंही आली होती. तरी सरकारी जाहिरातीतली टंकलेखनाच्या प्रमाणपत्राची अट काही जात नव्हती, म्हणून वर्ग चालू होता. आप्पांची एक रीतही चालू होती. रोज बसल्यावर पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव टाइप करायचं. पूर्वी कागद एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती पडली. शिवाय आप्पा म्हणत, आपलं नाव माणूस विचार न करता लिहितो, त्यावर हात मोकळे होतात.

"बाई, रोज रोज काय तेच नाव," शबाना मुलाणी म्हणाली. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेसाठी तिची दुसरी खेप चालली होती. "आता झोपेतसुद्धा बोटं हलतात माझी. शबाना इकबाल मुलाणी, मुक्काम पानगाव."

"म्हणूनच सांगते. झोपेतही चुकायला नको."

वर्गाचं एक सरावाचं पान इंटरनेटवर होतं. तिथे कुणीही यावं, समोर दिसणारा उतारा टाइप करावा, वेग आणि चुका पाहून जावं. नाव न देता येणाऱ्यांना पान 'पाहुणा' म्हणे. प्रत्येक कळ कोणत्या क्षणी दाबली आणि कोणत्या क्षणी सोडली याची नोंद ते पान सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत ठेवी, आणि बाईंच्या संगणकावर ती नोंद आवाज होऊन ऐकता येई. टक, टक, टकटक. पाहुणा टाइप करत असतानाच.

अकरा वाजून चार मिनिटांनी एक पाहुणा आला. उताऱ्याआधी त्याने हात मोकळे करण्याची एक ओळ टाइप केली. केर सेर केस, केर सेर केस. आवाज भराभर, स्वच्छ, पण प्रत्येक 'के' आणि 'से'ला किंचित अडखळणारा. एक मात्रा डाव्या हाताच्या अनामिकेखाली येते. ते बोट त्या कळीवर उशिरा पोहोचत होतं आणि उशिरा उठत होतं, पायात जुनं दुखणं असलेल्या माणसाने पायरी चढावी तसं.

बाईंनी डोळे मिटले. तेजल ठीक होती.

तेजल अमरदीप नागटिळक नऊ वर्षांपूर्वी, लग्नानंतर, वर्गात आली होती. तिसऱ्या महिन्यात एक दिवस तिचं बोट प्लास्टरमध्ये होतं. दारात सापडलं, म्हणाली. दार कुणी लावलं ते बाईंनी विचारलं नाही, पण परत आल्यावर तिच्या मात्रा लंगडायला लागल्या त्या कायमच्या. पुढची सहा वर्षं ती दुपारी एक-दोन तास वर्गात येऊन बसे. नोकरी करू देत नव्हते, सरावाला मात्र हरकत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती प्रमाणपत्राची प्रत मागायला आली, सोबत चार वर्षांची मुलगी आणि एक पिशवी. बाईंना सगळं कळलं. "कुठं जातेस ते मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही." मग तिच्या फोनवर त्यांनी 'आडोसा' घालून दिला. इंटरनेटवर वावरताना आपलं नाव, गाव, यंत्र, काही म्हणता काही मागे न सोडणारा तो ब्राउझर होता. "पोचलीस की पानावर सराव कर. नाव लिहू नकोस. मला कळेल."

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नव्हता. एकमेकींचा पत्ता नाही, नंबर नाही. आठवड्याला चारशे शब्द, तेही दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले.

*

त्याच दुपारी अमरदीप वर्गात आला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा माणूस. त्याने वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

"बसा की," बाई म्हणाल्या.

"तुम्ही गुरू, तुमच्यापुढं काय लपवायचं. तेजल घर सोडून गेली ते तुम्हाला माहीतच आहे. सगळं करून बघितलं. चौकीत गेलो, नातेवाईक झाले. आता हे निघालंय." त्याने फोन पुढे केला. पडद्यावर 'हातखूण' असं लिहिलेलं होतं, त्याखाली तेजलचं पूर्ण नाव, आणि त्याखाली एक आकडा. शहाऐंशी टक्के.

"हे काय?"

"माणूस नाव बदलेल, गाव बदलेल, बाई. बोटं कुठून बदलेल? टाइप करण्याची लय ज्याची त्याची असते म्हणे, सहीसारखी. हे लोक ती लय इंटरनेटवर शोधतात. कुठं शोध घेतला, कुठं अर्ज भरला, कुठल्या हापिसात कामाला बसली. कायदा असा आहे की नव्वद टक्के जुळल्याशिवाय ठिकाण सांगता येत नाही. नव्वद झालं की गाव, रस्ता, सगळं."

"आणि हिची लय त्यांना मिळाली कुठून?"

अमरदीप हसला. त्या हसण्यात खरीखुरी कृतज्ञता होती. त्याने बोटाने पडदा वर सरकवला. मूळ नमुना, असं लिहून पुढे होतं: शेटे टंकलेखन वर्ग, बार्शी.

"तुमच्यामुळंच, बाई. म्हणून आधी पाया पडलो. सकाळी दहाला बघितलं तर ब्याऐंशी होतं. बारापर्यंत शहाऐंशी. बसल्या जागी चार टक्के."

सकाळी दहा आणि दुपारी बारा यांच्या मध्ये अकरा वाजतात.

"पुढच्या गुरुवारी इकडं तालुक्याला काम आहे," जाताना तो म्हणाला. "येऊन जाईन. देवाच्या कृपेनं तोवर नव्वद होईल."

*

हेमलताबाईंचे पती दिनकरराव कंपवाताने गेले होते. आजार लक्षात येण्याच्या चार वर्षं आधीपासून त्यांचं टाइपिंग बिघडत होतं आणि बाईंना ते ऐकू येत होतं. पण बोटं संथ झाली म्हणजे आजार असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्याहून डॉक्टर इंद्रायणी बोकील आल्या आणि टाइपिंगच्या लयीवरून कंपवात लवकर ओळखण्याच्या संशोधनासाठी वर्गाच्या जुन्या नोंदी मागू लागल्या, तेव्हा बाईंनी एका दिवसात होकार दिला. नावं काढून टाकू, असं कागदावर लिहिलेलं होतं. बाईंनी तो कागद दोनदा वाचला होता.

आता त्यांनी त्याच डॉक्टरांना फोन लावला.

"आमचा नोंदींचा संच सगळ्या संशोधकांना खुला आहे, हे खरं," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "कुठल्या कंपनीने तो उचलला असेल, तर मला अडवता येत नाही. पण शेटेबाई, त्यात नावं नाहीत. नावाचा आणि क्रमांकाचा रकाना मी स्वतः काढलाय. लय कुणाची ते त्यांना कळणंच शक्य नाही."

"कळा आहेत ना त्यात?"

"कळा असणारच. कुठली कळ, कधी दाबली, कधी सोडली. त्याशिवाय लय मोजायची कशी?"

"डॉक्टर, आमच्याकडे मुलं रोज पहिल्या ओळीत काय टाइप करतात, ते तुम्ही बघितलं होतं का?"

पलीकडे कळांचा आवाज झाला. डॉक्टरांनी संच उघडला असावा.

"पूर्ण नाव," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "आणि गाव. प्रत्येक फाइलीत. अरे देवा. रोजच्या रोज."

सहा हजार मुलं. रकाना पुसला आणि आतला मजकूर तसाच राहिला, कारण पुण्यात कुणाला आप्पांची रीत माहीत नव्हती, आणि बार्शीत कुणाला नाव म्हणजे मजकूर असतो असं वाटलं नव्हतं.

"पण 'आडोसा' वापरला तर?" बाईंनी विचारलं.

"आडोसा नाव झाकतो, ठिकाण झाकतो. वेळ कशी झाकणार? तुम्ही शोधाच्या चौकटीत 'पो' लिहिलं की खाली 'पोटदुखी', 'पोस्ट ऑफिस' असं दिसायला लागतं ना? म्हणजे तुमची प्रत्येक कळ, तुम्ही ती दाबता त्याच क्षणी पलीकडे पोहोचलेली असते. पलीकडच्याला फक्त घड्याळ लावून बसायचं. एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला, कळ किती वेळ दाबून धरली. असे तीन-चारशे आकडे जमले की माणूस हजारांत उठून दिसतो." डॉक्टर थांबल्या. "एक विचारू? तुमचे नमुने जुने आहेत. शिकाऊ हात वेगळा आणि सरावलेला हात वेगळा, जुन्या नमुन्यावर साठ-पासष्टच्या वर जायला नको. शहाऐंशी म्हणजे त्यांना तिचे आजचे हात मिळताहेत. भरपूर, नियमित. तेच आजचे हात मग तिच्या कामाच्या जागेशी जुळवून बघतात. ती कुठे दर आठवड्याला मोठा मजकूर टाइप करते का?"

"आमच्या सरावाच्या पानावर. दर गुरुवारी," बाई म्हणाल्या. ते पान चालवणाऱ्या कंपनीच्या नव्या अटी गेल्या वर्षी आल्या होत्या. 'लयीची माहिती संशोधनासाठी देण्यास संमती'. तिथेही त्यांनी दिनकररावांची आठवण काढून होय म्हटलं होतं. तेही त्यांनी सांगितलं.

"संमती मागे घेता येते," डॉक्टर म्हणाल्या. "पण ती लागू व्हायला नव्वद दिवस लागतात. पान बंद करा, बाई. आजच."

*

पान बंद करणं सोपं होतं. शुक्रवारी बाईंनी दोनदा त्या बटणावर बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा उचललं.

पान बंद दिसलं की तेजलला काय वाटेल? बाई गेल्या, असं वाटेल. किंवा वर्ग मोडला असं. रडेल, आणि सोमवारी पुन्हा कामावर जाऊन त्याच हातांनी टाइप करत बसेल. हातखूण तिथेही ऐकत होतीच. शहाऐंशीचे नव्वद उशिरा झाले असते, एवढंच. तिला सांगायला हवं होतं. आणि सांगायला या पानाखेरीज जागा नव्हती, कारण दुसरी कुठलीच जागा आपल्याला ठाऊक असू नये अशी व्यवस्था बाईंनी स्वतःच केली होती.

म्हणजे तिला सावध करण्यासाठी तिला आणखी एकदा टाइप करू द्यावं लागणार होतं. पूर्ण उतारा म्हणजे चार टक्के, आणि शहाऐंशी अधिक चार.

उतारा बदलता येत होता. परीक्षेत व्यापारी पत्राचा एक प्रश्न असतोच. बाई अशी पत्रं रचून पानावर टाकत. शनिवारी त्यांनी एक पत्र रचलं.

'महोदया, आपण दर गुरुवारी पाठवीत असलेला माल आजवर सुस्थितीत पोहोचला, याबद्दल आभारी आहोत. तथापि पेट्यांच्या बांधणीवरून पाठविणाऱ्याचा ठावठिकाणा शोधला जात असल्याचे निदर्शनास आले आहे. आपले जुने गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन गेले असून ते फार जवळ पोहोचले आहे. सबब जुन्या बांधणीचा माल यापुढे कोठेही, आपल्या रोजच्या कामकाजातही, पाठवू नये. नवी बांधणी सोबतच्या ठोक्याप्रमाणे करावी व प्रत्येक पेटीस सारखाच वेळ द्यावा. या पत्राची पोच देऊ नये.'

वाचून त्यांना बरं वाटलं, पण क्षणभरच. तेजल हे वाचणारच नाही. वर्गातली कुठलीच मुलगी वाचणार नाही. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं. अर्थ वाचायचा नाही, अक्षर वाचायचं. डोळा एक शब्द पुढे, बोट मागे, आणि मन रिकामं. अर्थात शिरलात की चुकलात. चांगली टंकलेखक मृत्युपत्रसुद्धा टाइप करून जाईल आणि कोण मेलं ते तिला ठाऊक नसेल. तेजल फार चांगली टंकलेखक होती.

अर्थ न वाचताही मुलींना थांबवू शकेल अशी एकच गोष्ट होती. आप्पांच्या काळापासून टेबलावर एक सागवानी पट्टी होती. तिने ठोका धरायचा, एका ठोक्याला एक अक्षर. आणि लागोपाठ दोन ठोके देऊन 'हात वर' म्हटलं की शब्द अर्धा असला तरी हात कळांवरून उचलायचे. न उचलणाऱ्याचा कागद बाद. पहिल्या महिन्यातच हे बोटांत भिनत असे.

बाईंनी पत्राच्या डोक्यावर दोन शब्द टाकले. हात वर. त्याबरोबर दोन ठोके वाजतील, असा पट्टीचा आवाजही पानाला जोडला. पण पाहुण्याने आवाज बंद ठेवला असेल तर त्याचा उपयोग नव्हता.

राहिला ठोका. रविवारी वर्ग बंद असताना बाई तेजलच्या जुन्या नोंदी घेऊन बसल्या. तिची बाकीची बोटं एका कळीवरून दुसरीवर दीडशे सहस्रांश सेकंदात पोहोचत. अनामिका मात्रेवर पोहोचायला तीनशे ऐंशी घेई. बोट वेगात आणता येणार नव्हतं, ते हाडच तसं जुळलं होतं. मग बाकीच्या नऊ बोटांना त्याच्यासाठी थांबायला लावणं एवढंच हातात होतं. चारशेचा ठोका. म्हणजे मिनिटाला तीस शब्द, अगदी पहिल्या परीक्षेचा वेग. दाबलेली कळ सोडायलाही ते बोट उशीर करी, म्हणून बाईंनी दोन ठोक्यांच्या मध्ये एक हलका ठोका घातला. जडावर दाबायचं, हलक्यावर सोडायचं. तो ठोका त्यांनी पत्राला जोडला, स्वतःच्या हातांवर तासभर चालवून पाहिला, मग नोंद ऐकली. त्या आवाजात हेमलता शेटे कुठेच नव्हत्या. कुणीच नव्हतं.

*

गुरुवारी पावणेअकराला अमरदीप आला.

बाईंना वाटलं होतं, दुपारी येईल. त्याने बाईंच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली, फोन टेबलावर उताणा ठेवला. शहाऐंशी.

"गेल्या वेळी याच सुमारास वाढलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्याजवळ बसूनच बघावं. तुमचा हात लागलाय त्याला."

"मला काम आहे."

"करा की. मी गप बसतो."

अकरा वाजून दोन मिनिटं. तीन. बाईंनी हेडफोन लावले.

"काय ऐकताय?"

"मुलांचे हात."

"पुढं शबाना बसलीय, तिचं कान देऊन ऐका, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "लग्नातल्या ताशासारखी बडवतीय."

मुली हसल्या. अमरदीपही हसला. त्याच वेळी बाईंच्या कानात सुरू झालं. केर सेर केस. केर सेर केस.

लंगडणारी मात्रा. स्वच्छ, भराभर, नेहमीपेक्षा जरा उत्साहातच. हात मोकळे करायची ओळ उताऱ्याच्या आधी येते, हे बाईंना ठाऊक होतं. तिला ती चुकवता येणार नव्हती. केर सेर केस. टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला. सत्त्याऐंशी.

"आलं," अमरदीप हळूच म्हणाला.

आणखी एक ओळ. ती कधी दोन ओळी करत नसे. आज का करावी? केर सेर केस, केर सेर. अठ्ठ्याऐंशी. बाईंनी मांडीवर हात दाबून धरले. उतारा सुरू झाला. ह. काना. त. मोकळी जागा. व. र. पूर्णविराम.

आणि काही नाही.

हेडफोनमध्ये शांतता. वर्गात वीस जणींच्या कळा वाजत होत्या, पंखा फिरत होता. एक मिनिट गेलं. बाई समोरच्या पडद्यावरची लुकलुकणारी रेघ पाहत राहिल्या. कुठल्यातरी गावात दोन हात कळांपासून वीतभर वर उचललेले होते, आणि दोन डोळे पहिल्यांदाच अर्थ वाचत होते. तीन मिनिटं.

"थांबलं," अमरदीप म्हणाला. त्याने फोन उचलला, काहीतरी दाबलं. "यात ऐकायची पण सोय आहे. हे आत्ताचं. तुमचा कान म्हणजे सगळे सांगतात. ऐकून सांगता का तीच आहे म्हणून? माहीतगार माणसानं ओळख दिली तर टक्का वाढतो."

त्याने फोन त्यांच्या कानापाशी धरला. केर सेर केस, अगदी जवळून.

चौतीस वर्षांत हेमलताबाईंनी एक चूक जास्त मोजली नव्हती की एक कमी. ओळखीच्यांची मुलं नापास केली होती. पुतणीला पाच चुकांवरून परत बसवलं होतं.

"ही नव्हे," त्या म्हणाल्या.

"नीट ऐका."

"ऐकलं. हिची करंगळी कच्ची आहे. तेजलची कधीच नव्हती. ही माझ्या वर्गातली मुलगीच नव्हे."

अमरदीप त्यांच्याकडे पाहत राहिला. नेहमीचा हळुवारपणा त्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर पुसला गेला, आणि त्या दाराच्या फटीत सापडलेल्या बोटाजवळ कोण उभं होतं ते बाईंना दिसलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणतात," तो म्हणाला.

"नाही येत."

बाईंच्या कानात ठोका सुरू झाला. टक. टक. टक. मात्रा आली आणि गेली, बाकीच्या अक्षरांसारखीच. महोदया. आपण दर गुरुवारी. मध्ये एकदाही लय मोडली नाही. अमरदीपच्या फोनवर अठ्ठ्याऐंशी तसेच राहिले. नवा नमुना कुणाशीच जुळत नव्हता. पाहुण्याने 'या पत्राची' एवढं टाइप केलं आणि तिथेच पान बंद केलं.

*

अमरदीप पुढच्या गुरुवारी आला आणि त्याच्या पुढच्याही. आकडा अठ्ठ्याऐंशीवरच होता. तिसऱ्या खेपेला त्याने तो बाईंना दाखवला नाही. चौथ्या खेपेपासून तो यायचा थांबला. का थांबला, ते बाईंना कळलं नाही. कदाचित आकडा उतरला असेल. कदाचित नव्वद झाला असेल, आणि त्याला आता बाईंची गरज उरली नसेल.

हे विचारायला कुणी नव्हतं. डॉक्टर बोकील यांनी संच मागे घेतला होता, पण ज्यांनी तो आधी उतरवून ठेवला त्यांच्याकडून तो परत येणार नव्हता. सहा हजार नावांपैकी दोघी-तिघींनी वर्गात येऊन विचारणा केली. एकीला लग्न जमवताना तिने सतराव्या वर्षी काय काय शोधलं होतं त्याची यादी मुलाकडच्यांनी वाचून दाखवली होती. बाईंनी तिला खुर्ची दिली, घडलं ते सगळं सांगितलं, आणि पट्टीचा ठोका शिकवला. ती मुलगी जाताना रीतीप्रमाणे पाया पडली नाही.

पान त्यांनी बंद केलं नाही. ते सगळ्यांसाठी ठोक्यावर चालू ठेवलं. एकटीनेच सारख्या लयीत टाइप केलं तर ती एकटी उठून दिसते. चाळीस जणींनी केलं तर दिसत नाही. गुरुवारी अकराला आता दहा-बारा पाहुणे असत. बाई हेडफोन लावत, प्रत्येकाचं ऐकत. जुन्या सवयीने कान मात्रेपाशी जाऊन थांबे. एका मोडलेल्या बोटाच्या गतीने सगळे टाइप करत होते, जडावर दाबत होते, हलक्यावर सोडत होते. त्यांत ती असेलही. तिने सांगितलेलं ऐकलं असेल तर ती कधीच येणार नाही, किंवा आली तरी ओळखू येणार नाही. जितकी नीट शिकली असेल तितकी कमी ओळखू येईल.

"बाई," शबानाने हाक मारली. शेजारच्या खुर्चीवर आज नवीन मुलगी बसली होती, हात कळांवर ठेवून वाट पाहत. "ही विचारतीय, पहिल्या ओळीत नाव घालायचं का? मी म्हटलं, आमच्या वेळी घालत होते."

हेमलताबाईंनी हेडफोन काढले. टेबलावरची पट्टी उचलली.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "केर सेर केस लिही. ठोक्यावर."